हृदयाला पडलेलं ठिगळ निघेल का?

पालीची शेपटी तुटली, तर नवी फुटते. हाड मोडलं, तर प्लास्टर घालून महिना-दीड महिन्यात सांधतं. कातडी खरचटली, तर आठवड्याभरात खपली पडते आणि खाली नवी कातडी तयार असते. यकृताचा मोठा तुकडा कापून दुसऱ्याला दिला, तरी उरलेलं यकृत काही महिन्यांत वाढून जवळजवळ पहिल्याएवढं होतं. मग एकट्या हृदयानंच काय घोडं मारलंय?

हार्ट अ‍ॅटॅकमधून वाचलेल्या माणसाच्या घरचे लोक हाच प्रश्न डॉक्टरांना वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, पेशंट घरी येऊन हिंडू-फिरू लागला. 'डॉक्टर, आता हृदय पहिल्यासारखं झालं ना?' यावर डॉक्टर टू-डी इकोचा कागद पुढे करतात. त्यावर लिहिलेलं असतं, ई.एफ. ३५ टक्के. म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं फक्त ३५ टक्के प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकलं जातंय. धडधाकट माणसात हा आकडा ५५ ते ७०च्या आसपास असतो. नळी उघडली हे खरं, पण नळी बंद असताना जे मेलं ते मेलंच!

ते मेलेलं पुन्हा जिवंत करता येईल का? निदान त्याच्या जागी नवं उगवता येईल का? गेली वीसेक वर्षं जगातल्या काही प्रयोगशाळा या एकाच प्रश्नामागे लागल्या आहेत. त्यांच्या हाती काय लागलं आणि काय नाही, ते नीट समजून घ्यायला हवं. कारण या प्रश्नाचं उत्तर अजून प्रयोगशाळेत असलं, तरी ते विकणारे बाजारात केव्हाच येऊन बसलेत.

गवंडी आला, ठिगळ लावून गेला

आपलं हृदय साधारण तीनशे ग्रॅमचं. दिवसाला सुमारे एक लाख ठोके आणि मिनिटाला अंदाजे पाच लिटर रक्त, असा त्याचा कारभार. हे काम करतात हृदयाच्या स्नायूपेशी. एकट्या डाव्या कप्प्यात त्या दोनशे ते चारशे कोटी असतात. त्यांना रक्त पुरवणारी एखादी नळी गुठळीनं बंद झाली, की वीस-तीस मिनिटांतच पेशी मरायला सुरुवात होते. मोठा अ‍ॅटॅक असेल, तर काही तासांत यातल्या पाव हिश्श्याएवढ्या पेशी नष्ट होऊ शकतात. पाव हिस्सा म्हणजे सुमारे शंभर कोटी!

एवढं मोठं भगदाड पडल्यावर हृदय फुटत कसं नाही? कारण हृदयात दुसऱ्या जातीच्या पेशीही असतात. त्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात. आपण त्यांना गवंडी म्हणू. या गवंडी-पेशी जखमेच्या जागी जमतात आणि चिवट धाग्यांचा गिलावा करून भगदाड बुजवतात. अ‍ॅटॅकनंतरच्या काही आठवड्यांत तिथं पक्कं ठिगळ तयार होतं. या ठिगळाला शिव्या देऊ नका. ते नसतं, तर हृदयाची भिंतच फाटली असती.

पण ठिगळ ते ठिगळच. ते आकुंचन पावत नाही, ढकलत नाही, पंपाच्या कामात काडीचीही मदत करत नाही. उरलेल्या निरोगी स्नायूला त्याच्या वाटचं काम ओढावं लागतं. वर्षानुवर्षं ते ओढता ओढता कप्पा मोठा होतो, भिंत पातळ होते. मग जिना चढताना धाप लागणं, पायावर सूज येणं, रात्री उशा लावून बसून झोपावं लागणं... याला म्हणतात हार्ट फेल्युअर. औषधांनी ते बऱ्यापैकी काबूत ठेवता येतं, पण ठिगळ काढणारं औषध आजही नाही.

अगदी शेवटच्या टप्प्यावर उपाय उरतो तो हृदय बदलण्याचा. हे धाडस आपल्याकडे लवकर झालं. जगातली पहिली हृदय प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला झाली आणि तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ती करून दाखवली. पेशंट काही तासच जगला. यश यायला पुढे २६ वर्षं लागली. ऑगस्ट १९९४मध्ये दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. पी. वेणुगोपाळ यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. पण दान मिळणारी हृदयं मोजकी आणि रांगेत उभे असलेले फार. म्हणूनच 'आहे तेच हृदय दुरुस्त करता आलं तर?' हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही.

अणुबॉम्बनं दिलेलं उत्तर

आपलं हृदय स्वतःहून नव्या पेशी बनवतं का? हा वाद अनेक वर्षं चालला होता. तो मिटवायला उपयोगी पडली ती चक्क अणुबॉम्बची राख!

१९५० ते १९६३ या काळात अमेरिका, रशिया वगैरे देशांनी उघड्यावर अणुस्फोटांच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं. १९६३च्या करारानंतर उघड्यावरच्या चाचण्या थांबत गेल्या आणि ते प्रमाण हळूहळू उतरू लागलं. हवेतला कार्बन झाडांत, झाडांतून अन्नात आणि अन्नातून आपल्या पेशींत येतो. पेशी जन्मते, तेव्हा तिच्या डी.एन.ए.मध्ये त्या वर्षीच्या हवेचा कार्बन बसतो. म्हणजे प्रत्येक पेशीवर तिच्या जन्मसालाचा शिक्काच उमटलेला!

स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन आणि ओलाफ बर्गमान यांच्या गटानं मृत व्यक्तींच्या हृदयपेशींवरचा हा शिक्का वाचला. २००९ साली त्यांनी जाहीर केलं, की अणुचाचण्यांपूर्वी जन्मलेल्या माणसांच्या हृदयातही चाचण्यांनंतर जन्मलेल्या पेशी सापडतात. म्हणजे हृदय नव्या पेशी बनवतं! पण किती? पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. अख्ख्या आयुष्यात निम्म्या पेशीसुद्धा बदलून होत नाहीत. काही तासांत शंभर कोटी पेशी गमावणाऱ्या हृदयाला हा वेग कसा पुरणार? गाव जळतंय आणि आपण चमच्यानं पाणी ओततोय, त्यातला प्रकार.

गंगेकाठचा मासा

निसर्गात सगळ्यांचीच अशी परवड नाही. मत्स्यालयात चमचमणारा, अंगावर निळसर पट्टे असलेला बोटाच्या पेराएवढा झेब्रा मासा तुम्ही पाहिला असेल. तो मूळचा आपल्याच भागातला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याची नोंद आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो मानाचा पाहुणा आहे. २००२ साली अमेरिकेत केनेथ पॉस, मार्क कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशाच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचा सुमारे वीस टक्के भाग कापून टाकला. दोन महिन्यांत तो भाग पुन्हा उगवला! ठिगळ नाही, डाग नाही. खराखुरा ठोके देणारा स्नायू.

हे कसं घडलं? २०१०मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी याचा छडा लावला. माशाच्या जखमेजवळच्या जुन्या हृदयपेशी थोड्या काळासाठी आपलं काम बाजूला ठेवतात, लहान होतात, दुभंगून संख्या वाढवतात आणि पुन्हा कामाला लागतात. कुठूनही नवी भरती नाही. आहे तेच कर्मचारी.

आणि हे फक्त माशालाच जमतं असंही नाही. २०११ साली अमेरिकेत डलासच्या एरिक ओल्सन आणि हेशाम सादेक यांच्या गटानं एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं. तेही पुन्हा भरून आलं! पण सात दिवसांच्या पिल्लावर तोच प्रयोग केला, तर नुसतं ठिगळ. म्हणजे ही विद्या सस्तन प्राण्यांजवळ जन्मतः असते आणि आठवड्याभरात हरवते.

का हरवते? एक कारण समजण्यासारखं आहे. हृदयपेशीच्या पोटात आकुंचन घडवणाऱ्या धाग्यांची दाट गुंफण असते. पेशीला दुभंगायचं, तर आधी ही गुंफण उसवावी लागते. म्हणजे तेवढा वेळ काम बंद. आईच्या पोटात हे परवडतं. जन्मानंतर मात्र मिनिटाचीही सुट्टी नाही. निसर्गानं पंप जोरात चालवायचा निर्णय घेतला आणि दुरुस्तीखातं बंद करून टाकलं!

पेशीला घड्याळ उलटं फिरवायला लावणारा माणूस

बंद झालेलं खातं पुन्हा उघडता येईल, ही आशा जपानमधून आली. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराची कृती लिहिलेली वही असते. कातडीच्या पेशीतही हृदय कसं बनवायचं ते लिहिलेलं असतंच. फक्त ती पानं डिंकानं चिकटवलेली असतात. कातडीच्या पेशीनं कातडीचीच पानं वाचायची. एकदा चिकटलेली पानं कायमची चिकटली, अशीच बराच काळ समजूत होती.

तिला पहिला धक्का दिला इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी. हे गृहस्थ शाळेत जीवशास्त्रात सगळ्यात शेवटच्या नंबरावर होते आणि शास्त्रज्ञ व्हायची त्यांची कल्पना हास्यास्पद आहे, असा शेरा मास्तरांनी प्रगतिपुस्तकात मारला होता. तो कागद त्यांनी फ्रेम करून टेबलाजवळ लावला होता! १९६२ साली त्यांनी दाखवलं, की बेडकाच्या पोरांच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक काढून अंड्यात घातलं, तर त्यातून नवं पोर वाढू शकतं. म्हणजे पानं सुटी करता येतात.

योगायोग म्हणजे त्याच १९६२ साली जपानमध्ये शिन्या यामानाका जन्माला आले. ते हाडांचे सर्जन व्हायला गेले, पण हात इतका सावकाश चाले, की वरिष्ठ त्यांना 'जामानाका' म्हणून चिडवत. जपानीत 'जामा' म्हणजे अडथळा. शेवटी त्यांनी सुरी ठेवली आणि संशोधनाची वाट धरली. २००६ साली क्योतो विद्यापीठात त्यांनी आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुकांची यादी काढली आणि त्यातली एकेक गाळत फक्त चार शिल्लक ठेवली. ही चार जनुकं उंदराच्या त्वचेतल्या गवंडी-पेशीत घातली, तर ती पेशी सगळं शिक्षण विसरून गर्भातल्या कोऱ्या पेशीसारखी झाली. मग तिला हवं ते बनवा. मेंदूची पेशी, यकृताची पेशी, हृदयाची पेशी. पुढच्याच वर्षी हे माणसाच्या पेशींवर जमलं. २०१२चं नोबेल गर्डन आणि यामानाका यांना मिळून दिलं गेलं.

पेशीची अशी नवी नेमणूक करण्याला 'रीप्रोग्रॅमिंग' म्हणतात. ही किल्ली सापडताच हृदयाच्या वैद्यांचे कान टवकारले यात नवल नाही.

तीन वाटा

आज हृदयाकडे जाणाऱ्या तीन वाटा दिसतात.

पहिली वाट: हृदयपेशी बाहेर बनवा आणि आत बसवा. कोऱ्या पेशींपासून प्रयोगशाळेत हृदयपेशी तयार करायच्या. काचेच्या बशीत त्या खरोखर ठोके देतात. मग त्यांची चकती करून हृदयावर चिकटवायची. जपानमध्ये ओसाका विद्यापीठाच्या योशिकी सावा यांच्या गटानं जानेवारी २०२०मध्ये अशी चकती पहिल्यांदा माणसाच्या हृदयावर लावली. मात्र या चकतीचा मुख्य उपयोग तिच्यातून झिरपणाऱ्या वाढीला पोषक द्रव्यांचा आहे, असं मानलं जातं. जर्मनीत ग्योटिंगेनच्या वोल्फ्राम त्सिमरमान यांच्या गटानं जाड स्नायूचं ठिगळ बनवलं. आधी माकडांवर आणि मग एका गंभीर आजारी स्त्रीवर ते लावलं. तीन महिन्यांनी तिला दान मिळालेलं हृदय बसवलं गेलं, तेव्हा काढलेल्या जुन्या हृदयावरचं ठिगळ तपासलं. पेशी जिवंत होत्या, त्यात रक्तवाहिन्याही शिरल्या होत्या. हा निष्कर्ष २०२५च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला.

दुसरी वाट जास्त धाडसी आहे. बाहेरून काही आणायचंच नाही. ठिगळ लावणाऱ्या गवंडी-पेशींनाच हृदयपेशी बनवायचं! सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत डॉ. दीपक श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेत मासाकी इएदा यांनी २०१०मध्ये हे उंदराच्या पेशींवर करून दाखवलं. त्यांनी १४ जनुकांपासून सुरुवात केली आणि तीनवर आले. गाटा-४, मेफ-२सी आणि टीबीएक्स-५ ही त्यांची नावं. आईच्या पोटात हृदय घडत असताना हीच जनुकं मुकादमाचं काम करतात. गंमत अशी, की या वाटेनं पेशीला कोरी पाटी व्हावं लागत नाही. गवंडी थेट पंपवाला होतो.

२०१२ साली याच संस्थेच्या गटानं विषाणूंच्या पाठीवर ही तीन जनुकं लादून अ‍ॅटॅक आलेल्या जिवंत उंदराच्या हृदयातच टोचली. ठिगळ आक्रसलं, पंपाची ताकद सुधारली. त्याच वर्षी ओल्सन यांच्या गटानं आणखी एक जनुक जोडून तसाच निकाल मिळवला. बशीतल्यापेक्षा शरीरातल्या पेशी जास्त चांगल्या बदलल्या. शेजारी धडधडणाऱ्या खऱ्या हृदयपेशी असल्यामुळे त्यांना शिकायला गुरू मिळाला असावा!

आपल्याकडेही या वाटेवर काम झालंय. गुवाहाटीच्या आयआयटीत डॉ. राजकुमार थुम्मर यांच्या प्रयोगशाळेनं जनुकांऐवजी त्या जनुकांची प्रथिनं बनवली. जनुक पेशीच्या वहीत कायमचं लिहिलं जाण्याची भीती असते. प्रथिनं काम करून विरघळून जातात. अशा सहा प्रथिनांच्या संचाची बातमी २०२१मध्ये आली होती. हे काम प्रयोगशाळेतलं आहे. पेशंटपर्यंत पोचायला त्याला अजून बरंच चालायचंय.

तिसरी वाट झेब्रा माशाची. उरलेल्या हृदयपेशींनाच थोडा वेळ बाळ करायचं, म्हणजे त्या दुभंगतील. जर्मनीतल्या बाड नाउहाइमच्या मॅक्स प्लांक संस्थेत थॉमस ब्राऊन यांच्या गटानं २०२१मध्ये उंदरांच्या हृदयपेशींत यामानाकांची चार जनुकं थोडाच काळ चालू ठेवली. पेशी गर्भावस्थेत गेल्या, दुभंगल्या आणि अ‍ॅटॅकचं नुकसान कमी झालं. पण तीच जनुकं जास्त काळ चालू ठेवली, तेव्हा उंदरांच्या हृदयात गाठी झाल्या. ट्यूमर! दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करायचा असतो. इथं तो क्षण नेमका कोणता, ते कळलं पाहिजे.

बेतालाची भीती

यातला सगळ्यात मोठा धोका समजायचा असेल, तर गणपतीतलं ढोल-ताशा पथक आठवा. शंभर ढोल एका ठेक्यात वाजताहेत. त्यात नव्यानं भरती झालेले दहाजण आपल्याच तालात बडवायला लागले तर? हृदयाचं तसंच आहे. नवी पेशी ठोके देते एवढं पुरत नाही, तिनं सगळ्यांबरोबर ठोका द्यायला हवा. बेताल झालेलं हृदय काही मिनिटांत माणूस संपवू शकतं.

ही नुसती शंका नाही. २०१४ साली अमेरिकेत माकडांच्या जखमी हृदयात माणसाच्या सुमारे शंभर कोटी हृदयपेशी टोचल्या. त्या रुजल्या, पण काही काळ ठोके बिघडले. २०१९ साली लंडनच्या मॉरो जाक्का यांच्या गटाचा डुकरांवरचा प्रयोग तर डोळे उघडणारा होता. त्यांनी हृदयपेशींना दुभंगायला लावणारा एक सूक्ष्म आर.एन.ए. डुकरांच्या हृदयात घातला. महिन्याभरात ठिगळ लहान झालं, हृदयाची ताकद वाढली. सगळे खूश! आणि मग त्यातली बहुतेक डुकरं ठोके बिघडून अचानक मेली. उपाय लागू पडला होता, पण थांबवता येत नव्हता.

शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं, आपलं सत्तर-ऐंशी वेळा. उंदराला पुरलेली तीन जनुकं माणसाच्या पेशींना पुरली नाहीत, आणखी घालावी लागली. त्यातही सगळ्या पेशी बदलत नाहीत. बदललेल्या बऱ्याचशा अर्ध्याकच्च्या राहतात.

घाई अंगाशी येते ती अशी

या क्षेत्राला एक जुनी ठेचही लागलेली आहे. २००१ साली पिएरो अनव्हर्सा या नामांकित संशोधकानं दावा केला, की अस्थिमज्जेतल्या मूलपेशी टोचल्या की उंदराचं जखमी हृदय पुन्हा उगवतं. पुढे प्रौढ हृदयातच अशा मूलपेशी असतात, असंही त्यांच्या गटानं सांगितलं. जगभर उत्साहाची लाट आली, पेशंटांवर प्रयोग सुरू झाले. इतर प्रयोगशाळांना मात्र ते निकाल मिळेनात. ऑक्टोबर २०१८मध्ये हार्वर्डचं वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी संलग्न रुग्णालयानं सांगितलं, की अनव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध खोट्या किंवा फिरवाफिरवी केलेल्या माहितीवर आधारित असल्यानं मागे घ्यावेत. जवळजवळ दोन दशकांचा पैसा, वेळ आणि पेशंटांची आशा पाण्यात गेली.

म्हणूनच वाचकहो, आता खरी सावध होण्याची गोष्ट. घरात कुणाचा ई.एफ. घसरला, की कुठून तरी कुणीतरी सांगतं, 'अमुक शहरात स्टेमसेलचं इंजेक्शन देतात, हृदय नवं होतं.' माणूस बुडत असताना काडीचा आधार शोधतो. बायको दागिने मोडायला निघते, मुलगा कर्ज काढायला निघतो. यात त्यांची चूक नाही. पण त्या काडीची किंमत सांगणाऱ्याला काही साधे प्रश्न जरूर विचारा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली मूलपेशींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यानुसार रक्ताच्या काही विकारांसाठी होणारं मूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळे मूलपेशी उपचार हे प्रयोगच मानायचे आणि ते मंजूर झालेल्या चाचणीतच द्यायचे. हृदय त्या सवलतीत येत नाही. तेव्हा पहिला प्रश्न: 'ही मंजूर चाचणी आहे का? तिचा नोंदणी क्रमांक काय?' २००९पासून आपल्या देशात अशा चाचण्यांची सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे आणि ती कुणालाही पाहता येते. दुसरा प्रश्न: 'पैसे कशाचे?' संशोधनासाठी होणारा खर्च पेशंटच्या खिशातून काढायचा नाही, असं परिषदेची नीतितत्त्वं सांगतात. तुमच्याकडून लाखो रुपये मागितले जात असतील, तर तो प्रयोग नाही आणि उपचारही नाही. तो धंदा आहे. तिसरा प्रश्न तुमच्या नेहमीच्या हृदयरोगतज्ज्ञाला: 'तुम्ही तुमच्या वडलांना हे द्याल का?' उत्तराआधीचा चेहरा बघितला तरी पुरे.

हातात काय आहे?

मग काय, हातावर हात धरून बसायचं? मुळीच नाही. ठिगळ काढणं आज कुणाच्या हाती नसलं, तरी ठिगळ किती मोठं पडू द्यायचं, हे बरंचसं आपल्या हाती आहे.

छातीत मध्यभागी दाब, आवळल्यासारखं वाटणं, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, दरदरून घाम... ही लक्षणं दिसली, की 'अ‍ॅसिडिटी असेल, सोडा घे, सकाळी बघू' हे वाक्य घरातून हद्दपार करा. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये कधी कळ येतच नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. अशा वेळी जिथं ई.सी.जी. निघतो आणि गुठळी विरघळवायची किंवा नळी उघडायची सोय आहे, अशा रुग्णालयात थेट जा. स्वतः स्कूटर किंवा गाडी चालवत जाऊ नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा ११२ फिरवा. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, वेळ म्हणजे स्नायू. तासभर आधी पोचलात, तर कोट्यवधी पेशी वाचू शकतात. आणि वाचलेली पेशी ही बशीत बनवलेल्या पेशीपेक्षा केव्हाही सरस. ती तुमचीच आहे, शिकलेली आहे आणि तालात आहे!

अ‍ॅटॅक येऊन गेला असेल, तर औषधं 'बरं वाटतंय' म्हणून परस्पर बंद करू नका. बरं वाटतंय ते औषधांमुळेच. हार्ट फेल्युअरची आजची औषधं ठिगळ काढत नाहीत, पण उरलेल्या स्नायूवरचा बोजा हलका करतात, आयुष्य वाढवतात. पुष्कळांचा ई.एफ. त्यांनी काही अंशी सुधारतोही. बिडी-सिगारेट, तंबाखू सोडायची. मीठ कमी. डॉक्टरांना विचारून रोजचं चालणं. हे ऐकायला फारच साधं वाटतं ना? पण नोबेल मिळालेल्या शोधापेक्षा आज घरातल्या माणसाला याचाच जास्त उपयोग आहे.

आणि ते गवंडी, ती तीन जनुकं? तिकडे आशेनं जरूर बघा. २००६मध्ये बशीतल्या पेशीनं घड्याळ उलटं फिरवलं आणि चौदा वर्षांत तिची लेकरं माणसाच्या हृदयावर जाऊन बसली. हा वेग थोडाथोडका नाही. उद्या एखादं इंजेक्शन निघेल, गवंड्यांना ताल शिकवेल आणि वेळेवर थांबेलही. ते निघेल, तेव्हा ते मोठ्या रुग्णालयांतून, रीतसर चाचण्या पार करून, छापील परवानगीनिशी येईल. गल्लीतल्या पाटीवरून नाही.

तोवर झेब्रा माशाचं कौतुक करावं आणि आपल्या माणसाचा ई.सी.जी. वेळेवर काढावा.